नाना नव्याण्णव

नाना आमच्या पतसंस्थेतून निघताना "येतो" म्हणत नाहीत. चपलांत पाय सरकवतात, खांद्यावरची रेक्झिनची पिशवी एकदा चाचपतात आणि म्हणतात, "चला, नव्याण्णव." नवीन लागलेला शिपाई पहिल्यांदा हे ऐकून नव्याण्णव रुपये आणायला कॅशियरच्या खिडकीशी गेला होता. कॅशियरनं व्हाउचरवर सही मागितली. कशाचे, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

नव्याण्णव म्हणजे बाहेर पडणं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५च्या जानेवारीत सुरू झालं आणि यथावकाश कराडात आमच्या टेबलापर्यंत पोचलं. तेव्हा नानांनी आमच्या चार शाखांना तैवानच्या झायझेल कंपनीचे प्रेस्टिज राउटर बसवले. त्या डबीच्या पोटात एक मेनू होता. चित्र नाही, रंग नाही, माउसला काम नाही. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, प्रत्येक ओळीला एक आकडा आणि तळाशी एकच विनंती: मेनूचा क्रमांक टाका. १ म्हणजे सर्वसाधारण माहिती, ३ म्हणजे ऑफिसातलं जाळं, ४ म्हणजे इंटरनेट, १५ म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना एकाच पत्त्याआड बसवायची सोय, २३ म्हणजे पासवर्ड, २४ म्हणजे देखभाल. ही यादी सव्विसाच्या आसपास संपायची आणि तिच्याखाली एकदम ९९, एक्झिट.

"नाना, मधले बहात्तर आकडे कुठं गेले?" मी एकदा विचारलं.

"जागा सोडलीय," नाना म्हणाले. "घर बांधताना माणूस मागं परसू सोडतो का नाही? उद्या पोरं झाली, वाढवायचं झालं, तर जायचं दार हलवायला नको."

नाना साठीचे. बुटके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर आणि पेन शेजारी शेजारी. एकदा आमच्या चेकच्या पावतीवर ते टेस्टरनं सही करायला निघाले होते. सुरुवात रेडिओ दुरुस्तीनं केली. रेडिओ गेले तसे टीव्हीत शिरले, टीव्ही बिघडायचे थांबले तसे कॉम्प्युटरच्या एएमसी घेऊ लागले. पण त्यांचा जीव जडला तो या काळ्या पडद्यावर. पिशवीत सातारी कंदी पेढ्यांचा पत्र्याचा डबा असतो, आणि त्यात पेढे असतील या आशेनं आमच्या अकाउंटंटनं तो दोनदा उघडला आहे. आत वेटोळं घातलेल्या केबली असतात. एका टोकाला नऊ टाचण्यांचा सिरियल कनेक्टर, दुसऱ्या टोकाला ज्या डबीशी बोलायचं तिला बसेल ते तोंड. कोणत्या डबीला कोणतं तोंड, हे नानांना केबलीच्या रंगावरून कळतं. काकू म्हणतात, स्वतःच्या लग्नाची तारीख विसरलेल्या माणसाला हे कसं लक्षात राहतं कोण जाणे.

केबल जोडायच्या आधी नाना हलक्या आवाजात पुटपुटतात, "नऊ हजार सहाशे, आठ, नन, एक." बरेच दिवस आम्हाला तो मंत्र वाटला. मग कळलं की ही बोलण्याची बोली ठरवणं आहे. सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराला आठ, पॅरिटी नाही, आणि शेवटी एक थांब्याचा बिट. हे दोन्हीकडं सारखं नसेल तर पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी चिन्हं सांडतात. या वेगाला बॉड म्हणतात आणि हे नाव एमिल बोदो नावाच्या फ्रेंच तारयंत्रवाल्यावरून आलं, हे नानांनी आम्हाला सांगितलं. तेव्हापासून ते माणसांनाही बॉड लावतात. आमचे चेअरमन आणि सचिव सभेत एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा दाराशी उभे राहून नाना मला म्हणाले, "भांडण कशाचं नाही हो. एक एकोणीस हजार दोनशेवर बोलतोय, दुसरा बाराशेवर ऐकतोय."

थांब्याच्या बिटाचा अर्थ मी विचारला तेव्हा त्यांनी एसटी उभी केली. "आठ प्रवासी. पुढं ड्रायव्हर, तो सुरुवातीचा बिट. मागं कंडक्टर, तो शेवटचा. कंडक्टरनं घंटी दिली की पुढची गाडी. माणसं दहा, तिकिटं आठ. म्हणून नऊ हजार सहाशेत अक्षरं किती? नऊशे साठ." हे इतकं स्पष्ट होतं की आमच्या शिपायालाही समजलं. नंतर आठवडाभर तो प्रत्येक फायलीमागं घंटी देत होता.

पडद्यापुढं बसलेले नाना पाहण्यासारखे असतात. ते एका बोटानं टाइप करतात. दुसरं बोट हवेत, पंच आउट द्यावा की नाही या विचारात असावा तसं. चूक झालेली मी पाहिली नाही, आणि त्याला कारण आहे. त्या जुन्या पडद्यांवर बॅकस्पेसचा भरवसा नसे. मागचं अक्षर पुसायला जावं तर काही ठिकाणी टोपी घातलेला एच उमटायचा आणि चूक आणखी लांब व्हायची. त्यामुळं नाना आधी विचार करतात, मग बोट खाली आणतात. डबीशी बोलायला हायपरटर्मिनल नावाचा प्रोग्राम लागायचा. तो उघडला की नाना हमखास म्हणत, "आपण आता १९७८ सालात शिरलो." त्या वर्षी डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल काढलं. चोवीस ओळी, ऐंशी रकाने. पुढं जगातले बहुतेक असले प्रोग्राम त्याचंच सोंग घेत आले. "बहुरूप्यासारखं आहे," नाना म्हणत. "आपण सोंग नीट वठवलं की डबी ओळख देते." आणि ते ऐंशी रकाने १९२८ सालच्या आयबीएमच्या भोकाच्या कार्डातून आले, हे सांगताना त्यांचा चेहरा आपलं घराणं थेट पेशव्यांच्या दप्तरात सापडल्यासारखा होई.

विंडोजच्या एका नव्या अवतारातून हायपरटर्मिनल गायब झालं, तेव्हा नाना दोन दिवस सुतकात होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना 'पुटी' नावाचा फुकट प्रोग्राम दिला. काकूंना ते 'पुट्टी' ऐकू आलं, आणि त्या म्हणाल्या, "मग हॉलची भिंत पण घ्या करून."

नानांचं मुख्य म्हणणं असं, की मेनू माणसाला फसवत नाही. काय काय करता येतं ते आधीच सांगतो. कुठं आहोत ते डोक्यावर लिहून दाखवतो: मेनू २४, त्यात १, म्हणजे चोवीस-एक. जिथं हो-नाही एवढंच उत्तर आहे तिथं लिहू देत नाही, स्पेसबार दाबला की हो, पुन्हा दाबला की नाही. जी जागा भरलीच पाहिजे तिथं प्रश्नचिन्ह असतं आणि ते जाईपर्यंत पान जपून ठेवत नाही. जी जागा आपल्याला लागूच नाही तिथं तसं स्वच्छ लिहिलेलं असतं. आणि सगळं भरून झालं की तळाशी विचारतो: मान्य असेल तर एंटर, नसेल तर एस्केप. "एवढी रीत आता कुठं राहिली सांगा," नाना म्हणतात. "तुमच्या संस्थेच्या कर्जाच्या फॉर्मात तरी आहे का?"

आमच्या फॉर्मात नाही. जामीनदाराच्या आजोळचं गाव विचारणारा रकाना आमच्याकडं आजही आहे आणि तो कशासाठी, हे सांगू शकणारे संचालक १९९४ साली वारले.

ही रीत नानांनी संसारात आणली. भाचीला सांगून आलेल्या स्थळाचा बायोडेटा त्यांच्यापुढं ठेवला, तर त्यांनी तो पेन्सिलनं तपासला. पत्रिका: लागू नाही. शेती: लागू नाही. नोकरी: इथं त्यांनी एक ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं. "नोकरी 'खासगी' म्हणजे काय? हे भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही." मुलाकडचे चहा पीत बसले होते. त्यांना वाटलं, गृहस्थ फार मुरलेले आहेत. नोकरीची खरी हकीकत तिथल्या तिथं बाहेर आली, स्थळ मोडलं, आणि भाचीनं नानांना त्या दिवाळीला शर्टपीस दिला.

मोकळा प्रश्न विचारला की मात्र नाना थिजतात. हॉटेलात पोऱ्यानं "काय आणू?" म्हटलं की विचारतात, "काय काय आहे?" पोऱ्या एका श्वासात वीस नावं म्हणतो. नाना म्हणतात, "पुन्हा. सावकाश. नंबर देऊन." कराडच्या स्टँडजवळच्या दोन हॉटेलांत त्यांना पाहिलं की पोरं आत पळतात.

काकूंनी या स्वभावावर फार पूर्वी ताबा मिळवला आहे. "अहो, एक पोहे, दोन शेपूची भाजी," असं त्या सकाळी ओट्यापासून ओरडतात. नाना विचार केल्यासारखं करतात आणि म्हणतात, "एक." आपण निवड केली या समाधानात पोहे खातात. "पोहे करायचे ठरले की मी दुसरं नाव शेपूचं घेते," काकूंनी मला सांगितलं. "आणि शेपू करायची झाली तर?" मी विचारलं. "मग दुसरं नाव दवाखान्याचं."

डबीचं आणखी एक वळण नानांना लागलं आहे. पाच मिनिटं काही टाइप केलं नाही की तो मेनू आपोआप बाहेर काढायचा. पुन्हा पासवर्ड. नाना समजावून सांगायला लागले की पाच मिनिटं हां हां म्हणता जात, आणि मागं वळून पाहावं तर पडदा कोरा. पुन्हा पासवर्ड, पुन्हा फुल्या, पुन्हा व्याख्यान. पण स्वतः नानाही तसेच. संचालकांच्या सभेत त्यांना पाच मिनिटं कुणी काही विचारलं नाही, तर मान छातीवर येते. जागं करायचं तर "नाना" म्हणून भागत नाही. त्यांच्या कानाशी मेनूचा एखादा आकडा म्हणावा लागतो.

पासवर्डच्या बाबतीत ते कडक. त्या डब्या कारखान्यातून येत तेव्हा पत्ता १९२.१६८.१.१ आणि पासवर्ड १२३४. टाइप करताना पडद्यावर चार फुल्या दिसत आणि त्या फुल्यांमागं काय आहे ते जगाला ठाऊक असे. "दानपेटीला सुतळी बांधून देवळात झोपायचं का?" म्हणत नाना पहिल्यांदा तेविसाव्या मेनूत जात. पासवर्ड कुठं लिहून ठेवायचा नाही हा त्यांचा नियम, आणि त्यांची दोनशे पानी वही हा त्याला अपवाद. त्या वहीत एका डबीला एक पान. वर नाव, मग बॉड रेट, पत्ता, मग मेनूचं झाड काढलेलं, वंशावळीसारखं: चोविसाची पोरं, त्यातल्या चौथ्याकडं पिंग मारायचं काम, सातव्याकडं नवं फर्मवेअर भरायचं. पासवर्डच्या जागी नुसती खूण. आमच्या पानावर होतं: "चे. म्हैस." चेअरमनच्या म्हशीचं नाव. पुढं निवडणूक झाली, चेअरमन बदलले, नव्या चेअरमनकडं म्हैसच नव्हती. नाना म्हणाले, "पान बदलायला नको. जुन्यांची म्हैस आहे अजून."

ब्रॉडबँडच्या त्या दिवसांत दोन आकडे बरोबर टाकावे लागत. टेलिफोनच्या तारेतून येणाऱ्या प्रवाहात आपली वाट कोणती आणि त्या वाटेवरचा आपला पाट कोणता, हे सांगणारे. बीएसएनएलला ते ० आणि ३५. चुकले तर लाइनचा दिवा शांतपणे जळत राही, आणि इंटरनेटचं नाव नाही. हे आकडे आम्ही कागदावर लिहून घेऊ लागलो तेव्हा नानांना हसू आलं. "लिहिता काय? एक नापासाचा, एक पासाचा." आमच्या संस्थेत आजही कुणाला काही विसरेल, ०-३५ विसरणार नाही. आता ते कशालाच लागत नाहीत.

फर्मवेअर भरणं हे मात्र शुभकार्य असे, कारण तो काळ भारनियमनाचा होता. नऊशे साठ अक्षरांच्या वेगानं, एका वेळी १२८ बाइटांचा घास भरवत एक मेगाबाइट आत जायला अठरा-वीस मिनिटं लागत, आणि तेवढ्यात वीज गेली तर डबीचा दगड. आमच्या ऑफिसातली बॅटरी कागदावर अर्धा तास चालायची. नाना भारनियमनाचं वेळापत्रक खिशातून काढत, वीज यायची वाट बघत, ती आल्यावर आणखी दहा मिनिटं तिचा स्वभाव बघत, मग सातवा मेनू उघडत. तेवढा वेळ कुणी पंखा लावायचा नाही, कुणी दार आपटायचं नाही. शिपाई बाहेर उभा राहून खातेदारांना सांगे, "आत भरवणं चालू आहे." दोन म्हाताऱ्या चपला काढून आल्या होत्या.

नानांच्या पंथाला एक विरोधी पंथही आहे. आमचं सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून एक तरुण आला होता. सर्टिफिकेटवाला. तो बसल्या बसल्या "कॉन्फ टी" म्हणाला. आम्हाला चहाचा एखादा नवा प्रकार वाटला, शिपायानं दोन कटिंग आणले. मग कळलं, मेनूबिनू न घेता सरळ आज्ञा लिहायची ती पद्धत. पोरगा पडद्याकडं न बघता दहाही बोटांनी लिहायचा. नानांनी पाच मिनिटं ते बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे. पण समोरच्याला काय काय येतं, हे हा विचारतच नाही."

आमच्या डबीत आज्ञा लिहायची जागा म्हणजे चोवीस-आठ. तिथं नाना सहसा जात नसत. गाभाऱ्यात शिरण्याआधी पाय धुवावेत तसं ते चष्मा पुसून जात. आत मेनू नाही, यादी नाही. फक्त तीन इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढं लुकलुकणारी चौकट: 'रास'. पोरग्याला तो प्रॉम्प्ट पाहून घरी आल्यासारखं झालं. त्यानं "कॉन्फ टी" मारलं, डबीला ते ठाऊक नव्हतं. त्यानं आणखी दोन-तीन आज्ञा मारल्या, डबी तेच उत्तर देत राहिली. नाना मागून शांतपणे म्हणाले, "तुम्ही आधी सांगा तरी."

"काय सर?"

"रास. ते मघापासून विचारतंय."

पण नाना नुसते विनोदाचे धनी आहेत असं समजू नये. माझा मेहुणा एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. एका जानेवारीत, भर हंगामात, रात्री दीडला त्याचा फोन आला. काट्यावरचं वजन कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी छोटी डबी जळाली होती. संध्याकाळी नवी बसवली, पण ती चालेना. पावत्या हातानं लिहीत होते. बाहेर ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग वाढत होती. तोडलेला ऊस थांबला की वाळतो आणि वाळला की वजनात मार खातो, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. आवाज चढले होते.

नाना माझ्या एम-८० वर मागं बसून आले, कानाला मफलर, मांडीवर पेढ्यांचा डबा. काट्याच्या खोलीत डबीवाल्यांचा एक पोरगा घामानं भिजला होता, त्या थंडीत. त्यानं पाच वेळा सगळं भरलं होतं. पत्ता बरोबर, वेग बरोबर, आठ-नन-एक बरोबर. तरी डबी बंद करून चालू केली की पुन्हा कोरी.

नानांनी डबीला हात लावला नाही. त्याला विचारलं, "भरून झाल्यावर बाहेर कसा पडलास?"

"आठ दाबून. एक्झिट."

"ओळ पूर्ण वाच."

पोरग्यानं वाचली. आठ: न जपता बाहेर पडा. त्याच्या खालीच नऊ: जपून बाहेर पडा. 'एक्झिट' हा शब्द आठच्या ओळीत पहिला होता आणि पोरगा पाचही वेळा तिथंच थांबला होता. खोलीत एकदम शांतता झाली. माझा मेहुणा हसायला लागणार, तेवढ्यात नानांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं खोकून घेतलं.

"आता तूच कर," नाना पोरग्याला म्हणाले.

त्या डबीत शिरायची रीतही अवघड. तिच्या ९९९९ या पोर्टवर जायचं, मग ती म्हणते, सेटिंग करायचं असेल तर एंटर दाब. पाचएक सेकंदांत दाबला नाही तर दार बंद. पोरग्याची बोटं थरथरत होती, दोनदा वेळ गेली. नाना त्याच्या खांद्यामागं उभे राहून बोलत होते, "घाई नको. पाच सेकंद म्हणजे पुष्कळ. आता." तिसऱ्यांदा आत गेला. पत्ता भरला, वेग भरला, आणि हात आपसूक आठवर गेला. मग थांबला. एक बोट सरकवून नऊ दाबलं. दोन मिनिटांत पहिली पावती छापून आली, आणि बाहेर कुणीतरी बैलाला "चल रे" म्हणालं.

परत येताना नाना खुशीत होते. पैसे घेतले नव्हते, गाडीच्या मागं उसाची मोळी बांधली होती. "आत जायचं दार बघितलंस का," ते म्हणाले. "नव्याण्णव दोनदा." मोळी घसरून रस्त्यात पडेपर्यंत ते याच आनंदात होते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी नानांनी मला घरी बोलावलं. बंगळुरूच्या मुलानं नवा राउटर पाठवला होता. पांढरा, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. नाना तो हातात घेऊन उलटासुलटा करत होते, बाजारात बैल बघावा तसा. खाली पाहिलं, मागं पाहिलं, नखानं एक फट उघडायचा प्रयत्न केला. शेवटी माझ्यापुढं धरून म्हणाले, "मॅनेजर, याला तोंडच नाही. बोलायचं कुठून?"

कागदावर लिहिलं होतं की मोबाइलवर ॲप घ्या. नानांचा फोन बटणांचा. ॲपला इंटरनेट लागतं, आणि घरात इंटरनेट यायचं ते याच डबीतून. नानांना अनेक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. "म्हणजे विहीर खणायची, तर आधी एक घागर पाणी आणा! हे लिहून ठेवा, मॅनेजर. ज्याला बाहेर पडायचं दार नाही त्याला आत यायचंही दार नसतं."

काकू आतून हात पुसत आल्या. स्वतःचा मोबाइल काढला, त्यात त्यांचं नेट होतं. ॲप उतरवलं, डबीच्या पोटावरच्या चौकोनी ठिपक्यांचा फोटो घेतला, दोन-तीनदा 'पुढे' दाबलं, वायफायला नातवाचं नाव दिलं. चार मिनिटं लागली असतील. डबीचा दिवा हिरवा झाला.

नाना जागचे हलले नव्हते. "सेव्ह केलंस?"

"ते आपोआप होतं."

"आपोआप म्हणजे कुणी केलं?"

"अहो, झालं की."

"विचारलं का त्यानं? मान्य असेल तर एंटर, असं काही?"

"नाही विचारलं."

नानांनी डबीचा प्लग काढला. मनात दहा आकडे मोजले असावेत. परत लावला. आम्ही तिघं दिव्याकडं बघत बसलो. लाल झाला, पिवळा झाला, बराच वेळ पिवळाच राहिला, आणि मग हिरवा. नातवाचं नाव काकूंच्या फोनवर पुन्हा आलं. नाना "हं" म्हणाले. त्यात नेमकं काय होतं ते मला कळलं नाही. काकूंना कळलं असावं, कारण त्या चहा टाकायला आत गेल्या, आणि आतून त्यांनी पर्याय दिला नाही. नुसता चहा आला.

चहा पिऊन नानांनी दोनशे पानी वही काढली. कोरी पानं दोनच उरली होती. वर तारीख घातली, रेघ मारली आणि नेहमीच्या मुद्द्यांखाली एकटाकी लिहीत गेले. मी वाकून वाचलं.

बॉड रेट: लागू नाही. केबल: लागू नाही. मेनू: लागू नाही. पासवर्डची खूण: लागू नाही.

पाचव्या रकान्यापाशी, 'अडल्यास' असं लिहून ठेवलेल्या जागी, ते थांबले. तिथं त्यांनी आधी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. भरल्याशिवाय पान जपता येत नाही, हा त्यांचाच नियम. पेन बराच वेळ हवेत राहिलं, आउट द्यावा की नाही अशा विचारात. मग त्यांनी प्रश्नचिन्हावर एक आडवी रेघ मारली आणि बारीक अक्षरात लिहिलं:

सौ.ला विचारणे.